चिठ्ठी: शिफारशीची आणि सोडतीची

आमच्या घरात गेली दोन वर्षं एक इंग्रजी शब्द चांगलाच रुळलाय. स्पॉन्सर. पूर्वी हा शब्द क्रिकेटच्या सामन्यात नाहीतर गणपतीच्या मांडवावरच्या बोर्डावर दिसायचा. आता पाबळला फोन केला की आत्या आधी पावसापाण्याचं सांगते आणि मग हळूच विचारते, "पोरीला कुणी स्पॉन्सर मिळाला का रे?" सूर अगदी स्थळ बघायला निघाल्यासारखा. नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "एवढी हुशार पोर, मग अडलं कुठं?"

या "अडलं कुठं"चं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून इथे लिहितोय. नातेवाईकांपैकी बरेच जण हे वाचतात हे मला ठाऊक आहे. (वाचून काही बोलत नाहीत, हेही ठाऊक आहे!)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात हकीकत. पुतणी आर्किटेक्ट. पुण्यात पाच वर्षांचं बी.आर्क. केलं, दोन वर्षं इथल्याच एका ऑफिसात ड्रॉइंग्ज काढली, साइटवर धूळ खाल्ली, मग अमेरिकेत जाऊन एम.आर्क. केलं. ते मे २०२४ मध्ये संपलं. नोकरीही मिळाली, आणि ती पोर्टफोलिओ दाखवून, कुणाच्या ओळखीने नाही. शाळा आणि ग्रंथालयांची कामं करणारं बारा-पंधरा माणसांचं ऑफिस होतं. शिक्षणानंतर तिथे काम करायची विद्यार्थ्यांना जी परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात. ती तिला बारा महिन्यांची मिळाली. त्या मुदतीत ऑफिसने तिचं नाव एच-वन-बी व्हिसाच्या सोडतीत घातलं. मार्च २०२५ च्या सोडतीत ते निघालं नाही. ओपीटी संपली, सामान आवरायला मिळणारे साठ दिवसही संपत आले, आणि गणपती गावाला गेले त्याच आठवड्यात ती गावाला आली.

तेव्हापासून घरात दोन तट आहेत. एक म्हणतो, नशीब. दुसरा तोंडावर बोलत नाही, पण त्याचा अर्थ असा की काहीतरी कमी पडलं असणार. शेजारचा कॉम्प्युटरवाला मुलगा राहिलाच की तिकडे. मला दोन्ही पटत नाहीत. मी काही व्हिसाचा वकील नाही, पण जुन्या गोष्टी धुंडाळायची सवय आहे. आपल्याकडचे आर्किटेक्ट पूर्वी बाहेर कसे गेले, कुणी बोलावलं, कुणी पगार दिला, हे वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते मांडतो.

सुरुवात अच्युत कानविंदे यांच्यापासून. जन्म १९१६, कोकणातलं आचरे गाव. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. १९४५ साली भारत सरकारने त्यांना हार्वर्डला शिकायला पाठवलं, वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे. आता त्या वर्षी अमेरिकेचा कायदा काय होता ते पाहा. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून तिथे कायमचं राहायला जायची दारं बंद केली होती, आणि १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला होता की हिंदी माणूस अमेरिकन नागरिक होऊ शकत नाही. विद्यार्थी म्हणून जाता येत होतं, एवढीच फट. जुलै १९४६ मध्ये कायदा थोडा सैल झाला. किती? वर्षाला शंभर भारतीय! कानविंदे १९४७ मध्ये परत आले आणि वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांच्या इमारतींना लागले. आयआयटी कानपूर हे पुढे त्यांचंच काम. ते "राहिले का नाहीत?" असं त्यांना आचऱ्यात कुणी विचारलं नसावं, कारण राहायचा रस्ताच नव्हता.

दुसरे बाळकृष्ण दोशी. घर गुजराती, पण जन्म १९२७ चा आणि आपल्या पुण्यातला. घरचा फर्निचरचा धंदा. जे. जे. मधलं शिक्षण अर्धवट टाकून १९५० मध्ये लंडनला गेले. त्या काळी इंग्लंडला जायला भारतीयांना व्हिसा लागत नव्हता. १९४८ च्या ब्रिटिश कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथे येऊन राहायची, काम करायची मुभा होती. जुलै १९५१ मध्ये लंडनजवळ हॉडेस्डनला आधुनिक वास्तुकारांची एक परिषद भरली. तिथे चंदीगडचा विषय निघाला आणि ल कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसच्या ऑफिसात काम मिळेल का, असं या तेवीस वर्षांच्या पोराने विचारलं. उत्तर आलं, स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज करा. अर्ज केला, बोलावणं आलं. फ्रेंच येत नव्हतं. आणि पहिले आठ महिने पगार नव्हता! पाव, चीज, ऑलिव्ह यांवर दिवस काढले असं ते पुढे सांगत. १९५४ नंतर ते कॉर्ब्युझिए यांची अहमदाबादची कामं बघायला परत आले ते इथलेच झाले. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले.

तिसरे अनंत राजे. मुंबईचे, जन्म १९२९. दोशींच्याकडे काम करत होते. १९६२ मध्ये अहमदाबादच्या आयआयएमचं काम फिलाडेल्फियाच्या लुई कान यांच्याकडे आलं, त्यात दोशींचा मोठा वाटा. राजे १९६४ मध्ये फिलाडेल्फियाला कान यांच्या ऑफिसात गेले आणि १९६९ मध्ये परतून त्याच कामाला लागले. १९७४ च्या मार्चमध्ये कान अहमदाबादहून घरी जाताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनावर वारले. आयआयएमचा परिसर पुढे राजे यांनी नेटाने पुरा केला.

या तिघांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा एक गंमत लक्षात आली. तिघांचे गुरूही परदेशीच! ग्रोपियस १९३४ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला आले, तिथे मॅक्सवेल फ्राय या इंग्रज आर्किटेक्टच्या भागीदारीत काम केलं आणि १९३७ मध्ये हार्वर्डने बोलावलं म्हणून अमेरिकेत पोचले. कॉर्ब्युझिए मूळचे स्वित्झर्लंडचे, फ्रेंच नागरिक झाले ते १९३० मध्ये. कान यांचा जन्म १९०१ चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यात, आजच्या एस्टोनियात. पाच वर्षांचे असताना आईबरोबर फिलाडेल्फियाला आले. म्हणजे ज्यांच्या नावाने आपली मुलं परीक्षेत उत्तरं लिहितात, ती माणसं एकेकाळी दुसऱ्याच्या दारात उभी होती आणि कुणीतरी त्यांच्यासाठी "याला आत घ्या" म्हटलं होतं.

जुन्या मराठीत याला शिफारशीची चिठ्ठी म्हणतात. पुढारी आणि साहेब यांच्यामुळे हा शब्द बदनाम झालाय, पण मूळ अर्थ साधा आहे. ओळखणारा माणूस न ओळखणाऱ्याला सांगतो, याचं काम मी पाहिलंय. कानविंदेंना ती सरकारने दिली, दोशींनी स्वतःच्या अक्षरात लिहिली, राजे यांच्या मागे दोशी होते. चिठ्ठी वाचणारा माणूस काम बघून ठरवत होता, एवढं तिघांतही समान.

तो काळ सोन्याचा होता असं मात्र कुणी समजू नका. इंग्लंडचं दार उघडं होतं, पण पासपोर्ट इथलं सरकार देईल तर. मागितला की मिळाला अशी तेव्हा स्थिती नव्हती. १९६७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग सॉनी यांच्या खटल्यात सांगितलं की परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकारने मनमानी करायची नाही. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. शिवाय आठ महिने बिनपगारी राहायला पाठीशी काही असावं लागतं. कोरडवाहू जमिनीवर जगणाऱ्या पाबळच्या शेतकऱ्याच्या मुलाने १९५१ मध्ये काय खाल्लं असतं पॅरिसला? त्या रांगेत आमच्यासारख्या घरातलं कुणी नव्हतंच.

आणि आपण तिथवर पोचेपर्यंत दारंही बदलली. इंग्लंडने १ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुलवाल्यांना व्हाउचर लावलं. नोकरी हातात असणाऱ्यांचा एक वर्ग, कसब असणाऱ्यांचा दुसरा, बाकीच्यांचा तिसरा. उलट अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने देशवार कोटे मोडून शिकलेल्यांना दार उघडलं. त्या कायद्यात "प्रोफेशन" म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे, आणि तिच्यातलं पहिलं नाव आर्किटेक्टचं आहे. मग इंजिनिअर, वकील, डॉक्टर, शिक्षक. वाचून मला भारी वाटलं. नंतर कळलं की ती यादी इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने आहे! असो. पहिलं ते पहिलं.

आजची एच-वन-बीची पद्धत १९९० च्या कायद्यातून आली. वर्षाला ६५,०००, आणि २००४ च्या कायद्याने अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी वर २०,०००. अर्ज माणसाने करायचा नसतो, ऑफिसने करायचा असतो. ऑफिसने लिहून द्यायचं की त्या गावात या कामाला जो चालू पगार आहे तो आम्ही देऊ. हे चांगलंच आहे, फुकट राबवून घेता येत नाही. पण गंमत बघा, दोशींची ती आठ महिन्यांची बिनपगारी उमेदवारी या नियमात बसलीच नसती. तेव्हा दार उघडं आणि पगार शून्य, आता पगाराची हमी आणि दार किलकिलं.

अर्ज जागांहून जास्त आले की सोडत. २०२५ च्या सोडतीपर्यंत ती सरळ चिठ्ठ्या टाकून होत होती. कॉम्प्युटरने नाव उचललं की मगच कुणीतरी फाइल उघडणार. नाव निघालं नाही तर पोर्टफोलिओ कुणी बघतच नाही. मंडळी, "काहीतरी कमी पडलं असणार" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. तिचं काम कुणी नापास केलेलं नाही. ते कुणी पाहिलंच नाही.

आता शेजारच्या मुलाचं. अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सरकारी क्रमांक असतो. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत तो असला तर ओपीटी बारा महिन्यांवरून आणखी चोवीस महिने वाढते. कॉम्प्युटर सायन्स त्या यादीत आहे. म्हणजे त्याला छत्तीस महिने, आणि तेवढ्यात सोडतीत नाव घालायच्या साधारण तीन संधी. आर्किटेक्चरचा नेहमीचा क्रमांक ०४.०२०१ त्या यादीत नाही. शेजारचाच ०४.०९०२, आर्किटेक्चरल अँड बिल्डिंग सायन्सेस, हा मात्र आहे. काही विद्यापीठांनी हे ओळखून आपल्या अभ्यासक्रमाचा क्रमांक बदलून घेतला, पुतणीच्या विद्यापीठात जुनाच होता. दोन अंकांचा फरक, आणि तीन वर्षांचं एक वर्ष झालं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणाला माहीत नसते. तिथे परवाना मिळेपर्यंत स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. त्यासाठी नोंदवलेला अनुभव ३,७४० तास आणि वर सहा पेपर. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पदवीनंतर कौन्सिलकडे नोंदणी केली की झालं. म्हणजे इथे नोंदणीकृत आर्किटेक्ट असलेली मुलगी तिथे नुसती डिझायनर. पगार त्या मानाने, आणि ऑफिसं छोटी. मोठ्या कंपनीत व्हिसाचे वकील दिमतीला असतात. बारा माणसांच्या ऑफिसात फाइल मालकाच्या बायकोने सांभाळायची. तिच्या साहेबांनी फी भरली, कागद केले, शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून जेवण दिलं. त्यांच्याबद्दल आमच्या मनात काही नाही.

मागून जाणाऱ्यांसाठी वाट आणखी अवघड झाली. २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवा एच-वन-बी अर्ज करायचा तर एक लाख डॉलर भरायचा हुकूम निघाला. तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना त्यातून वगळलं, पण आमची तोवर परतली होती. २०२६ च्या सोडतीसाठी नवा नियम आला: ज्या जागेचा पगार वरच्या पायरीवरचा, तिच्या चिठ्ठ्या जास्त. सगळ्यांत वरच्या पायरीला चार, खालच्या पायरीला एक. नवख्या आर्किटेक्टचा पगार कुठल्या पायरीवर असतो ते सांगायला नको. "मग इंग्लंड बघ" असं मामा म्हणाले. इंग्लंडने २०१९ मध्ये आर्किटेक्ट हा तुटवड्याच्या यादीत घातला होता खरा, पण ती यादी २०२४ मध्ये गुंडाळली आणि कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेली. जुलै २०२५ मध्ये ती ४१,७०० झाली. नवख्यांना त्यात थोडी सवलत आहे, पण छोट्या ऑफिसाला तीही झेपतेच असं नाही.

इतकं सगळं वाचल्यावर मला आमच्या गावची मस्तानी आठवली. हसू नका. तिची कबर पाबळला आहे हे शाळेत असल्यापासून बघत आलोय. बुंदेलखंडातून आलेली बाई, पाबळ तिला बाजीरावाने इनाम दिलेलं. पुण्यात तिला जागा होती ती एका माणसाच्या शब्दावर. एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले, आणि त्याच साली तीही गेली. कुठे पेशवाई आणि कुठे व्हिसा, मान्य. पण ज्याचं राहणं दुसऱ्या एकाच्या शब्दावर असतं, त्याला झोप कशी लागते, हा प्रश्न तोच आहे. एच-वन-बीवर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर, नाहीतर विमान. पुतणीचे तिथले दोन मित्र सोडतीत निघाले. पण आता साहेबाला "हे डिझाइन चुकतंय" म्हणायला जीभ रेटत नाही, असं ते तिला फोनवर सांगतात. नाव निघणं म्हणजे सुटका, असा आपला समज असतो. तो तितकासा खरा नाही.

पाबळची दुसरी खूण म्हणजे विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. केली, परत येऊन हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलं आणि १९८३ मध्ये सगळं सोडून आमच्या दुष्काळी गावात शाळा सोडलेल्या पोरांना हाताने कामं शिकवायला आले. २००३ मध्ये ते वारले. तिथे त्रिकोण जोडून केलेली घुमटाची घरं आहेत, पाबळ डोम म्हणून ती ओळखली जातात. ती कल्पना बकमिन्स्टर फुलर यांची, अमेरिकन पेटंट १९५४ चं. ती इथवर यायला कुठला व्हिसा लागला नाही, आणि ती उभी करणारी पोरं दहावी नापास होती. एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ च्या सुमारास इथेच आली.

हे सांगून "बघ, गावातच सगळं आहे, कशाला जायचं बाहेर" असं मला म्हणायचं नाही. उलट कलबाग, कानविंदे, दोशी, राजे सगळे बाहेर जाऊन आले, आणि जाऊन आल्यामुळे जे शिकले ते इथे कामाला आलं. जायला मिळायलाच हवं. पुतणीला अजून जायचंय आणि ती जागा शोधतेय. कुठल्या देशात ते तिचं ती ठरवेल. ती परत आली याला मी "बरंच झालं" म्हणणार नाही. तिला ते लागलंय. शिकायला काढलेल्या कर्जाचे हप्ते रुपयांच्या पगारातून फेडायचे आहेत. हे दुःख खरं आहे आणि कौतुकाच्या शब्दांनी ते जात नाही.

माझं म्हणणं एवढंच की हे दुःख तिच्या लायकीच्या खात्यात मांडू नका. एकेका काळी दार कुणासाठी उघडायचं हे कायद्याने ठरवलं, आणि त्यात हुशारीचा भाग नेहमीच थोडा होता. कानविंदेंच्या वेळी शिफारस होती पण राहायची सोय नव्हती. दोशींच्या वेळी दार होतं पण पगार नव्हता. हिच्या वेळी काम होतं, पगार होता, साहेब तयार होते, नुसती चिठ्ठी निघाली नाही.

सध्या ती आमच्या पाबळच्या जुन्या घराची मापं घेतेय. मागची पडवी पावसाळ्यात खचली, ती पाडायची की सावरायची यावर तिचं आणि दादाचं रोज वाजतं. दगडी जोत्याची ड्रॉइंग्ज तिने इतकी बारकाईने काढली आहेत की गवंडी मामा वही मागून घेऊन गेले. दिवाळीला सगळे जमाल तेव्हा व्हिसाचं विचारण्याआधी ती वही बघायला मागा. आणि तिच्या पुढच्या अर्जासाठी कामाची शिफारस लिहून देईल असं कुणी तुमच्या ओळखीत असेल, ज्याने तिचं काम खरोखर पाहिलंय किंवा बघायची तयारी आहे, तर मला कळवा. आपल्या हातात असलेली चिठ्ठी तेवढीच आहे.